माझ्या पायांनी जिंकलेली पैज

मित्रांनो, या घरातली धाकटी सून ओला टॉवेल माझ्या डोक्यावर टाकते. रोज. वर नवऱ्याला विचारते, "ही अडगळ इथून कधी हलणार?" अडगळ म्हणे!

मी एक जुनी शिलाईची मशीन आहे. कुठे घडले ते आठवत नाही. आठवतो तो माझा चकचकीत काळा रंग आणि अंगावरची सोनेरी वेल. शाळा काही शिकले नाही. टेपवरचे आकडे ओळखते, तेवढ्यावर माझं निभावलं. मला जिने घरात आणलं ती या घरातली सासू. तिनेही शाळेचं तोंड जेमतेमच पाहिलेलं, पण तिने कापडाला कात्री लावली की बघणाऱ्यांनी गप्प बसावं. माझ्या जोरावर तिने दोन मुलगे वाढवले. गणवेश, पडदे, नवरीचे पोशाख, काय काय माझ्या सुईखालून गेलं! "टाका बघा कसा मोत्यासारखा," असं गिऱ्हाइकं म्हणायची आणि मी आतल्या आत फुगायचे. दर रविवारी ती मला तेल घालायची, मऊ फडक्याने पुसायची.

मग तिचे गुडघे धरले. तिने माझा पट्टा काढून खिळ्याला टांगला, आणि मी टॉवेलांची झाले.

त्यातच घरात ती पट्टी आली. मनगटावर बांधायची, पावलं मोजणारी. दोन्ही सुनांनी एकेक घेतली. काय तिचं कौतुक! रात्री उशाशी घ्यायचं, चार्जिंगला लावायचं, कापसाने पुसायचं. तिला ना एक टाका घालता येतो, ना एक बटण लावता येतं. चालायचं दुसऱ्याने, मोजायचं हिने, आणि नाव हिचं! हो, जळले मी. लोखंडाची असले म्हणून काय झालं?

दोघी जावांची पैज लागली. महिनाभरात जिची पावलं जास्त, तिने आतल्या खोलीतला खिडकीजवळचा कोपरा घ्यायचा. म्हणजे माझाच कोपरा! थोरली दवाखान्यात नर्स आहे. तिला माझ्या शेजारी फक्त एक खुर्ची हवी होती, ड्यूटीवरून आल्यावर पाय वर घेऊन बसायला. धाकटीला तिथे व्यायामाची सायकल आणायची होती आणि मला भंगारात द्यायचं होतं.

धाकटी बँकेत काम करते, दिवसभर खुर्चीत. थोरलीचे आकडे दिसले की तिचं तोंड एवढंसं व्हायचं.

"तिला काय, तिला चालण्याचाच पगार मिळतो," ती नवऱ्यापाशी कुरकुरायची. "माझी मान मोडते दिवसभर, ती कोणती पट्टी मोजते?"

एका संध्याकाळी सासू शेजारणीकडे गेलेली बघून तिने खोलीचं दार लोटलं. माझ्या खणातली काळी चिंधी काढली, स्वतःची पट्टी माझ्या पायडलला खालून बांधली, स्टूल पुढे ओढलं आणि एका पायाने पायडल हलवत मोबाइल बघत बसली. पायडल वर, पायडल खाली, आणि पट्टी खुशाल पावलं मोजतेय! मग हे रोजचंच झालं.

खरं सांगते मित्रांनो, पहिल्या दिवशी मी सुखावले. किती काळाने कुणाचा तरी पाय लागला होता. मग ध्यानात आलं, मी जितकी हलेन तितकी ही पुढे जाणार, आणि ही जिंकली की मी भंगारात. माझ्याच पायांनी मला घराबाहेर काढत होती. मी करकर करून पाहिली. तिने कानात गाणी लावली.

शेवटच्या संध्याकाळी निकाल होता. धाकटी नेहमीप्रमाणे पायडल हलवत बसलेली. बाहेरून नवऱ्याने चहासाठी हाक मारली, तशी ती रिकाम्या मनगटावर बाही ओढून पळाली. पट्टी माझ्या पायालाच राहिली.

तेवढ्यात थोरली घरी आली. चालून चालून तिच्या युनिफॉर्मच्या विजारीची दुमड उसवली होती. कपडे बदलून ती विजार घेऊन सुई शोधायला लागली.

"आण इकडे," शेजारणीकडून परतलेली सासू म्हणाली.

"राहू द्या आई, मी हाताने घालते टाके. तुमचे गुडघे..."

"हातचे टाके तुझ्या धावपळीत टिकायचे नाहीत. आण म्हणते ना!"

तिने खिळ्यावरचा पट्टा काढून चाकावर चढवला. थोरलीने दोरा ओवला. आणि माझी सुई कापडात शिरली! अंगाअंगातून झिणझिण्या गेल्या माझ्या.

बाहेर धाकटीचा नवरा मोबाइलमध्ये दोघींच्या पावलांचे आकडे बघत बसला होता.

"अरे वा, वहिनीला मागे टाकलंस! अगं, अजून वाढतायत की. तू तर इथे चहा गाळतेयस."

"नेट हळू असेल," धाकटी म्हणाली. "मघाचे आत्ता येत असतील."

सासूने कापड फिरवायला पाय थांबवला. मग पुन्हा पायडल मारलं.

"थांबले... आणि सुरू झाले!" तो दाराशी येऊन उभा राहिला. "अगं, आई थांबली की तू थांबतेस, आई निघाली की तू निघतेस!"

सासूने खाली हात घातला. चिंधी सोडली. पट्टी तिने नवऱ्यामागून आलेल्या धाकटीपुढे धरली. थोरली सुजलेले पाय चोळत बसून राहिली.

"एकदा तरी माझं नाव वर दिसावं म्हणून रोज बांधली," धाकटी कशीबशी म्हणाली. "सगळे सारखं जाऊबाईंचंच कौतुक करता."

"बोलून झालं?" सासू म्हणाली. "मग ऐक. महिनाभर चालली ती माझी मशीन, तेव्हा पैज जिंकली ती तिने. कोपरा तिचा, आणि शेजारी थोरलीची खुर्ची. तुला नाव हवंय ना? तर उद्यापासून जावेबरोबर दवाखान्यापर्यंत पायी जायचं, तिच्या पावलाला पाऊल लावून. दमलीस तर मीच कौतुक करीन तुझं, सगळ्यांच्या देखत करीन. पण आत्ता जा आणि तेलाची बाटली आण. कोरड्या सांध्यांनी पळवलंस तिला, आधी तिला तेल घाल. आणि तुझा तो ओला टॉवेल पुन्हा तिच्या डोक्यावर दिसला, तर तुझ्या डोक्यावर शिवून टाकीन!"