माल तयार होता

सकाळची भांडी घासून झाल्यावर संयोगिताने पदराला हात पुसले, फोन उघडला आणि तिला वाटलं, रेंज गेली असावी. तिचं दुकानच दिसेना.

दुकान म्हणजे शटर आणि पाटीचं दुकान नव्हे. मोठ्या ऑनलाइन बाजारातलं एक पान, एवढंच. पण इस्लामपूरच्या आतल्या अंगाला असलेल्या कणेरवाडीत त्या पानावर शेजारपाजारच्या बायकांचे हात राबत होते. सुरुवात झाली ती संयोगिताच्या नवऱ्यापासून. वीरधवल फौजेत. एका सुट्टीनंतर त्याने आईने शिवलेली वाकळ, जाडजूड गोधडीच ती, ट्रंकेत कोंबून नेली आणि ती बघून बराकीतल्या गढवाली, पंजाबी जवानांनी आपापल्या घरांसाठी तसल्याच वाकळा मागितल्या. "जुन्या लुगड्याची वाकळ इकत घेनारं कोन येडं मिळालं रं तुला?" म्हणून मनुबाई, म्हणजे संयोगिताची सासू, तेव्हा पोट धरून हसली होती. मग तीच सगळ्यांच्या पुढे बसून टाके घालू लागली. शेजारची रंगुबाई आली, क्रांती आली. संयोगिता फोटो काढायची, ऑर्डरी बघायची, पार्सलं बांधायची.

आता त्या पानाच्या जागी एकच ओळ होती: वारंवार उशिरा माल दिल्यामुळे आपलं दुकान ग्राहकांना दाखवणं थांबवलं आहे.

तांबड्या अक्षरांतल्या ताकिदी गेले काही आठवडे येत होत्या. संयोगिताने प्रत्येकीला उत्तर दिलं होतं, की आमचं पार्सल सकाळीच ओसरीवर बांधून तयार असतं, कुरिअरवालाच यायचा तेव्हा येतो. पलीकडून दर वेळी तेच ठरीव वाक्य परत यायचं. माणूस कोणी बोलतच नव्हता. भिंतीशी भांडावं तसं ते भांडण.

ती तशीच उंबऱ्यावर बसली होती, तेवढ्यात फोन वाजला.

"मी साताऱ्याहून शरयू बोलतेय. माझ्या नातीचं उद्या बारसं आहे आणि तुमचं दुपटं अजून आलेलं नाही. जमत नव्हतं तर ऑर्डर घ्यायची कशाला?"

"ताई, ते कधीच पाठवलंय..."

"मग माझ्याकडे का नाही?" पलीकडून फोन ठेवला गेला.

मनुबाई सुपात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली. "आपून दिलंय, तिला मिळालं न्हाई. मग मधी गिळलं कुनी?"

"ते आता सांगलीत जाऊनच बघायचं, आत्ती."

"थांब. मी बी येते. तुला एकटीला उलटसुलट बोलतील."

दोघींनी फाट्यावरून सांगलीची एसटी धरली. कुरिअरचं गोदाम मार्केट यार्डाच्या पलीकडे होतं. तिथपर्यंत रिक्षातही हळदीचा वास नाकाशी दरवळत होता. गोदामाचा साहेब मुकुल नावाचा तरुण होता. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, समोर थंड झालेला चहा. त्याने ऐकून घेतलं, संगणकावर बोटं चालवली आणि पडदाच त्यांच्याकडे फिरवला.

"हे बघा. आमचा माणूस तुमच्याकडे येऊन गेलाय. इथे शेरा आहे, 'माल तयार नव्हता'. या पार्सलला पण तोच. मागच्याला पण तोच."

संयोगिताला आधी कळेचना. मग एकच नाव डोळ्यांसमोर आलं. गुंडा! पार्सलं न्यायला यायचा तो टेम्पोवाला गुंडा. कधी ठरल्या दिवशी यायचा, कधी दुसऱ्या दिवशी उजाडायचा, पण आला की "मावशी, च्या टाका" म्हणून हक्काने ओसरीवर टेकायचा.

"साहेब, माल तयार नव्हता असं एकदाही झालं नाही."

"असेल. पण माझ्याकडे जे दिसतं तेच मी बाजारवाल्यांना कळवणार."

"आवं, पण तुमचा मानूस खोटं लिवतोय!" मनुबाईचा आवाज चढला.

मुकुलने हात जोडले. "मावशी, मला वरून रोज विचारतात, किती गाड्या वेळेत सुटल्या. गावोगाव चौकशी करत फिरायला माझ्याकडे माणूस नाही. एवढं करतो, तुमचं साताऱ्याचं पार्सल शोधून हातात देतो."

पार्सल एका कोपऱ्यात, टायरांच्या मोठ्या खोक्याआड निघालं. संयोगिताने ओळखपत्र दाखवलं, सही केली आणि ते छातीशी धरून ती बाहेर आली. दोघी स्टँडवर पोचल्या तेव्हा घरी जाणारी एसटी समोर उभी होती. तिने ती जाऊ दिली.

"आत्ती, साताऱ्याला जाऊया?"

"मग, नको जाऊया? बारसं उद्या हाय."

साताऱ्यात शाहूपुरीतलं घर विचारत विचारत त्या पोचल्या तेव्हा दिवेलागण होत होती. शरयूबाईंनी दार उघडलं. नीटनेटकी साडी, कपाळावर आठी.

"मी कणेरवाडीची संयोगिता. तुमचं दुपटं आणलंय."

बाईंची आठी गेली नाही, पण त्या बाजूला सरल्या. आतल्या खोलीत बाळ रडत होतं. मनुबाईने विचारलंसुद्धा नाही. पार्सलाची दोरी दातांनी तोडली, दुपटं झटकून जमिनीवर पसरलं आणि म्हणाली, "आना हिकडं त्या बायला." पिवळ्या आणि जांभळ्या तुकड्यांवर बाळाला ठेवलं, दोन्ही बाजूंनी सैलसर गुंडाळलं आणि मांडीवर घेतलं. थोड्या वेळाने रडणं थांबलं.

शरयूबाई दुपट्याच्या काठावरून बोट फिरवत राहिल्या. "इतके बारीक टाके! फोटोत कळलं नव्हतं." मग जरा अवघडून म्हणाल्या, "मी तुमच्याबद्दल फार वाईट लिहून बसलेय तिथे. रागाच्या भरात."

"ताई, तुम्ही लिहिलंत ते खोटं नव्हतं," संयोगिता म्हणाली. "तुम्हाला उशीर झालाच. फक्त तो आम्ही केला नव्हता."

शरयूबाईंनी त्या दोघींना परत जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाळण्याची दोरी धरायला नात्यातल्या बायकांबरोबर मनुबाईही उभी राहिली. तिने तिच्या माहेरचा, आठवेल तेवढा पाळणा म्हटला. मधलं कडवं विसरली तिथे स्वतःचंच काहीतरी घातलं. बायका हसल्या आणि पुढचं तिच्याबरोबर म्हणू लागल्या.

गुंडा आला तो त्यानंतर, आधीच्या ऑर्डरींची राहिलेली पार्सलं न्यायला. टेम्पो दारात लावून नेहमीसारखा ओसरीवर टेकला. "मावशी, च्या टाका की."

मनुबाई जागची हलली नाही. संयोगिता त्याच्यासमोर उभी राहिली.

"गुंडाभाऊ, आमचा माल कधी तयार नव्हता?"

त्याने आधी हसून बघितलं. मग तिचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं. टोपी काढून तो ती हातात फिरवत राहिला.

"सांगलीला गेलता व्हय वैनी?"

"गेलो होतो. आमचं दुकान बंद केलंय त्यांनी."

"बंद?" तो उठून उभाच राहिला. "आयच्यान सांगतो, दुकान बंद हुईल असं मला ठावं नव्हतं. मला वाटलं, नुसतं लिवून ठेवत्यात." तो बोलत राहिला, तोंडाला कुलूप होतं ते निघाल्यासारखा. "लय गावं दिल्यात मला. तुमचं शेवटाला. संध्याकाळची मोठी गाडी सांगलीतनं सुटायच्या आत माघारी जायाचं. तुमच्याकडं वळलो तर गाडी चुकती. न्हाई वळलो तर का न्हाई गेलास म्हनून माझा पगार कापत्यात. त्यो शेरा दाबला की कुनाचाच कापत न्हाईत."

"आमचा कापला," संयोगिता म्हणाली.

गुंडाने टोपी घातली, पार्सलं टेम्पोत ठेवली. चहा न पिताच तो गेला. टेम्पोचा आवाज पाणंदीच्या वळणावर विरला तशी मनुबाई म्हणाली, "एवढा च्या पाजला मेल्याला!" पण तिच्या आवाजात पहिल्यासारखी धार नव्हती.

वीरधवलला फोनवर सगळं सांगितलं तेव्हा त्याने सरळ हिशेब मांडला. "नाव टाक त्याचं तक्रारीत. विषय खतम."

संयोगिता खरोखरच लिहायला बसली. गुंडाचं नाव टाकलं, आणि बोट थांबलं. याला काढलं तर उद्या दुसरा येईल. त्यालाही तीच गावं, तोच रस्ता, तीच संध्याकाळची गाडी. तोही तेच बटण दाबेल. नाव बदलेल, कणेरवाडी शेवटची ती शेवटचीच. तिने लिहिलेलं पुसलं आणि स्कूटीची किल्ली घेतली.

पलीकडच्या वाडीत आकारामतात्या काकवी आणि सेंद्रिय गूळ ऑनलाइन विकायचे. त्यांच्या मुलीने सासरी जाण्याआधी त्यांना सगळं शिकवून ठेवलं होतं. संयोगिताने शेऱ्याचं सांगितलं तसे ते गुऱ्हाळाच्या कट्ट्यावर मटकन बसले.

"म्हंजे मलाबी तांबडं लिवून येतंय ते ह्याच्यापायी? मी म्हनलं, माझंच कायतरी चुकतंय. वय झालं, फोन नीट दाबता येत न्हाई. म्हनून बंदच करनार होतो की गं."

"तात्या, गुंडाचा टेम्पो दुपारी फाट्यावरून जातोच. आपण गावात त्याची वाट बघत बसतो. त्यापेक्षा आपणच सगळ्यांचा माल फाट्यावर नेला तर? त्याला आत वळावंच लागणार नाही."

तात्या कट्ट्यावरून उठले. "माझा दुधाचा छोटा हत्ती टेम्पो दुपारी फाट्यावर जातोयच. घाल तुझ्या वाकळा त्यात. पर काकवीच्या बाटल्या वर ठिवायच्या, सांगून ठिवतो. खाली दबून फुटल्या तर वाकळंला मुंग्या लागतील."

कितीतरी दिवसांनी संयोगिता मनापासून हसली.

दुसऱ्या दिवशी गुंडा त्याची वेळ नसताना आला. टेम्पो नव्हता, मोटरसायकलवरून आला होता. ओसरी चढला नाही. "वैनी, तक्रारीत माझं नाव लिवा. माझी बायको म्हनाली, त्या बायकांच्या पोटावर पाय दिऊन आनलेलं मला नको."

"नाव नको मला, गुंडाभाऊ. साहेबांसमोर खरं सांगाल?"

तो घुटमळला. नोकरी जाण्याची भीती त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. मग त्याने मान हलवली. "सांगतो. तुमी संगं ऱ्हावा फकस्त."

आकारामतात्यांना घेऊन तिघंही सांगलीला गेले. तात्या इस्त्रीचा सदरा घालून आले होते. गुंडाने मुकुलसमोर उभं राहून खाली मान घालून सगळं सांगितलं. मुकुलने खुर्ची मागे सरकवली.

"अरे, हे मी लेखी दिलं तर पहिला मीच अडकेन. एवढी गावं तुला कोणी दिली? मीच."

"म्हणूनच आलोय साहेब," संयोगिता म्हणाली. "आम्ही नुसतं मागायला नाही आलो. उद्यापासून आमच्या पट्ट्यातला सगळा माल दुपारी फाट्यावर एका जागी मिळेल. गुंडाभाऊंचा आतला फेरा वाचेल, तुमची गाडी वेळेत सुटेल. माल हातात घेताच फाट्यावरच स्कॅन करायचा, एवढंच आमचं म्हणणं. आणि मागचं जे झालं ते खरं खरं कळवा. आमच्यावर उपकार म्हणून नाही. माल तयार होता म्हणून."

मुकुलने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर हमाल पोती उतरवत होते. "माझी आई पण घरी पापड करून विकते," तो अचानक म्हणाला. "बसा. लिहितो. याला मी काढत नाही, पण तो शेरा परत दिसला तर मात्र माझ्याकडे येऊ नकोस, गुंडा."

त्याने लिहिलेलं पत्र जोडून संयोगिताने बाजारवाल्यांकडे अपील केलं. मग नुसतं थांबणं आलं. रोज सकाळी ती पान उघडायची, रोज तीच ओळ. रंगुबाईने सुई बाजूला ठेवली, क्रांती मजुरीने शेतात भांगलणीला जाऊ लागली. मनुबाई मात्र रोज ठरल्या वेळी वाकळ पुढ्यात घ्यायची. "दुकान बंद हाय, हात न्हाईत," एवढंच म्हणायची.

एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे बाजारवाल्यांकडची एक बाई होती, अडखळत हिंदी बोलणारी, पण खरीखुरी. आधी तिने कबूल केलं, की उशिराचे शेरे चुकीने लावले गेले होते. दुकान आजपासून पुन्हा दिसेल. रेटिंगचे गेलेले तारे मात्र आपोआप परत येणार नाहीत, ते हळूहळू भरून निघतील. संयोगिताला वाद घालावासा वाटला. अर्धाच न्याय हा. पण आधी तिने विचारलं, "आप सच में आदमी हो ना? मशीन नहीं?" पलीकडची बाई खळखळून हसली.

आता दुपार कलायला लागली, की फाट्यावरच्या निवाऱ्याच्या पत्र्याखाली पार्सलं जमतात. तात्यांच्या बाटल्या वर, वाकळा खाली. गेल्या आठवड्यात इस्लामपूरच्या वाटेवरची राजेश्वरी नावाची पोर मातीची झुंबरं घेऊन आली. तिलाही तसलीच तांबडी ताकीद आली होती. "मी पण इथंच आणू का?" तिने लाजत विचारलं. तात्यांनी आपलं खोकं सरकवून तिला सावलीत जागा करून दिली.

गुंडाचा टेम्पो येऊन उभा राहिला. त्याने एकेक पार्सल उचललं, फोन समोर धरला. टुक. टुक. प्रत्येक आवाजासरशी संयोगिताच्या फोनवर हिरवी खूण उमटत गेली.

"झुंबरं फुटतील गड्या, वर ठेव," तात्या ओरडले.

"पैलं सांगायचं न्हवं का तात्या!" गुंडाने अर्धा भरलेला टेम्पो पुन्हा उपसायला घेतला, आणि संयोगिता पदर खोचून त्याच्या मदतीला पुढे झाली.