उरलेली चार वर्षं

बाजारभावांचा सल्ला देणाऱ्या ऑफिसात त्याला सगळे 'हवामान खातं' म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. धातू असो, धान्य असो, कापूस असो, कशाचा भाव कोणत्या महिन्यात चढतो आणि कधी बसतो, हे त्याने अठरा वर्षांचे आकडे घेऊन मांडून ठेवलं होतं. हा महिना तांबं उतरण्याचा. कारखाने साठा मोजायला बसतात, खरेदी थंडावते, भाव खाली येतो. त्यात विचार करण्यासारखं काय आहे, असं तो ग्राहकांना ऐकवायचा.

आज मात्र त्याचं बूड एका जागी टेकत नव्हतं. तीनदा पाणी पिऊन झालं, चारदा खिडकीपाशी जाऊन आला. दोन वाजता मध्यवर्ती बँक व्याजदर जाहीर करणार होती, आणि अशा दिवशी कुठलाही भाव उसळू शकतो.

जीव अडकला होता तो ताईपाशी. थोरल्या बहिणीचं पंपाच्या मोटारींत तांब्याची तार भरायचं वर्कशॉप होतं. तीनशे मोटारींचं काम तिने ठरलेल्या दरात घेतलं होतं. तांबं महागलं तर सगळा भार तिच्या अंगावर, आणि वर्कशॉप काही तो पेलणारं नव्हतं. महिनाभर रोज सकाळी साडेनऊला ती फोन करून विचारायची, तांबं घेऊ का? हा सांगायचा, थांब. एरवी तिचा फोन वाजला की हा कापायचा, नंतर करतो म्हणायचा आणि करायचा नाही. साडेनऊचा मात्र पहिल्या रिंगला उचलायचा. एकदा तिने विचारलं होतं, अठरापैकी चौदा वर्षं भाव उतरला म्हणतोस, मग उरलेल्या चारांत काय झालं? अगं ते अपवाद, सोड, म्हणून त्याने उडवून लावलं होतं.

वेळ जाता जात नव्हता म्हणून त्याने तीच चार वर्षं उघडली. चारही वर्षी नेमक्या ह्याच महिन्यात बँकेने व्याजदर कमी केला होता. कर्ज स्वस्त झालं, कारखाने साठाबिठा विसरून खरेदीला धावले, तांबं चढलं. बाकीच्या चौदा वर्षांत ह्या महिन्यात एकदाही कपात नव्हती. एवढी सरळ गोष्ट, आणि इतकी वर्षं ह्या शहाण्याच्या नाकासमोर पडून होती! आज तर निम्मा बाजार कपात धरून बसला होता.

दोनला आठ मिनिटं. त्याने ताईला फोन लावला, आत्ताच घे म्हणायला. उचलेना. पुन्हा लावला. यंत्रांच्या आवाजात तिला काय ऐकू येणार, कपाळ? वर्कशॉप तीन गल्ल्या पलीकडे. लिफ्टची वाट न बघता तो धडाधड जिने उतरला, आणि नेमका सिग्नलला अडकला. गाड्या संपेनात. स्वतःला शिव्या घालत तो कोपऱ्यावर पोचतो न पोचतो तोच खिशात मोबाइल थरथरला. दर पाव टक्क्याने कमी. बघता बघता तांबं तीन टक्के वर, आणि थांबायचं नाव नाही. संपलं. भररस्त्यात त्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

ताई मोटारीच्या खाचांत तार बसवत होती. त्याने दारातूनच सगळं ओकून टाकलं: ती चार वर्षं, बँक, चूक माझी आहे, मी भरून देईन. तिने ऐकून घेतलं, तार तोडली, हात पुसले आणि त्याला मागच्या खोलीत नेलं. भिंतीला लागून तांब्याच्या तारेची रिळं पार छतापर्यंत रचलेली होती.

"हे कधी घेतलंस?"

"काम मिळालं त्याच आठवड्यात. दर बांधून काम घ्यायचं आणि तांब्याची वाट बघत बसायचं, असले खेळ मला झेपत नाहीत."

आधी त्याला सुटल्यासारखं वाटलं, मग चांगलाच राग आला. महिनाभर वेड्यात काढलंस की मला, तो म्हणाला, घेऊन ठेवलं होतंस तर रोज फोन कशाला करत होतीस?

नीटच असलेलं एक रीळ ताईने पुन्हा नीट केलं.

"आईच्या गुडघ्याचं सांगायला फोन केला तर तू कापतोस. तांब्याचं विचारलं की उचलतोस. आई शेजारीच बसलेली असते, फोन स्पीकरवर. बोलत नाही काही, दोन मिनिटं तुझा आवाज ऐकते."

त्याने मोबाइल काढून आलेल्या फोनांची यादी उघडली.

"आता भाव तर चढला," ताई म्हणाली. "उद्या काय विचारू, तेवढं सांगून जा."