मीठ चाखायची बशी

मित्रांनो, मी एक बशी आहे. जुनी आहे, हे वेगळं सांगायला नको. नव्या बशीला आत्मवृत्त नसतं, फक्त किंमत असते.

माझा जन्म भट्टीतला. मऊ पांढऱ्या मातीची चकती म्हणून आत गेले आणि टणटणीत होऊन बाहेर आले. काठावर निळी रेघ ओढणाऱ्या कारागिराला मध्येच शिंक आली असावी, कारण माझी रेघ एका जागी उडी मारते. कपबशांच्या संचातून मी या घरी आले, लग्नातली भेट म्हणून. पाहुण्यांसमोर मिरवायचे ते दिवस! "काय नाजूक आहेत हो!" असं म्हणत लोक आम्हाला उचलायचे आणि चहा मात्र फुर्र करून ओढायचे.

मग माझा कप गेला. कपांचं असंच असतं. त्यांना कान असतो, म्हणून ते सगळ्यांच्या बोटांवर नाचतात आणि एक दिवस पडतात. मी काठाच्या एका टवक्यावर वाचले. पण टवका उडालेली, बिनकपाची बशी पाहुण्यांपुढे कोण नेणार? माझी रवानगी शेगडीशेजारी झाली. तिथे मला नवं काम मिळालं, मीठ चाखण्याचं.

घरची बाई एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करायची. तिथे सगळे तिला मावशी म्हणत, मीही म्हणते. मावशीच्या हाताला मोठ्या पातेल्यांची सवय. दोघांसाठी भात लावला तरी तो जिन्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना पुरायचा. शिजत आलेलं चमचाभर ती माझ्यावर काढायची, फुंकर घालायची, चाखायची आणि म्हणायची, "हं." कॅन्टीनमध्ये तिच्या अशाच एका "हं"वर शेकडो माणसं तृप्त होऊन उठत.

तिचा नवरा शिंपी. गल्लीत त्यांना मास्तर म्हणत. मास्तर मापाला पक्के आणि जेवणाला त्याहून पक्के. दुसऱ्यांच्या पँटी सैल करता करता अधूनमधून स्वतःचीही सैल करून घेत.

आणि एके वर्षी ती पँट आपोआप सैल झाली. पोटात गाठ निघाली. कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, बरं होण्यासारखं आहे, पण उपचार लांबणारे आहेत. अंगात ताकद टिकली पाहिजे. वजन असंच उतरत राहिलं, तर पुढचं औषध पुढे ढकलावं लागेल.

औषध सुरू झालं आणि मास्तरांची भूक गेली. चवही बिघडली. "तोंडात किल्ली ठेवल्यासारखं वाटतंय," ते म्हणायचे. मावशीकडे प्रेम मोजायचं एकच माप होतं, भाताचा डाव. नवरा जसजसा सुकत गेला, तसतसं ताट उंच होत गेलं. मास्तर त्याच्यासमोर डोंगराच्या पायथ्याशी बसल्यासारखे बसत.

त्यात मास्तरांची थोरली बहीण मुक्कामाला आली. मावशी तिला वन्सं म्हणायची. वन्सं हनुवटी हातावर टेकवून समोर बसत आणि भावाचे घास बघत.

"खा रे. मनावर घे जरा. पोटाला काय कळतंय?"

"पोटालाच कळतंय, ताई," मास्तर म्हणत आणि पाणी पीत.

एकदा दोघं हॉस्पिटलातून परतली, ती मावशी तणतणतच स्वयंपाकघरात शिरली. "तुमच्या भावाने काय केलं, माहितीये का वन्सं? कोटाच्या खिशात कात्री घालून वजनाच्या काट्यावर उभे राहिले!"

"कुठली कात्री?"

"मोठी! कापडाची! इस्त्री खिशात मावली नाही म्हणून घरी राहिली असणार!"

पकडलं ते तिथल्या सिस्टरने. ती रागावली नाही, एवढंच म्हणाली, "मास्तर, औषध किती द्यायचं ते वजनावरून ठरतं. मापच खोटं दिलंत, तर कपडा बसेल कसा?" पोट आत ओढून माप देणाऱ्या गिऱ्हाइकांना मास्तर आयुष्यभर हेच ऐकवत आले होते.

"पण का केलंत असं?" मावशीने विचारलं.

मास्तर दारात उभे होते. "तू एवढं रांधतेस. वजन घटलं तर लोक तुझ्या हाताला बोल लावतील."

मावशी उगाचच मला पुसत बसली. मी कोरडीच होते.

हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं: थोडं थोडं द्या, पण पुनःपुन्हा द्या. वासाने मळमळत असेल तर कोमट करून द्या. धातूची चव लागते ना, मग लाकडी चमचा वापरून बघा. मावशीने ताट लहान केलं. पण ताट ते ताटच. ते समोर आलं आणि मागून वन्सं आल्या, की मास्तरांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा व्हायचा.

मग एका सकाळी घाईघाईत सूप चाखताना मावशीची जीभ भाजली. पातेलं उतरवून, सूप जरा निवल्यावर तिने सहज हाक मारली, "अहो, मीठ बघता का जरा? माझ्या जिभेला काही कळेना."

मास्तर उठून आले. त्यांना कुणी जेवायला बोलावलं नव्हतं, मत विचारायला बोलावलं होतं. दोन्हीत फार फरक आहे, मित्रांनो. मावशीने मिठाच्या बरणीतला लाकडी चमचा धुतला आणि माझ्यावर घोटभर सूप काढलं. मास्तरांनी डोळे मिटून चाखलं.

"कमी आहे."

तिने चिमूटभर घातलं. पुन्हा माझ्यावर काढलं.

"आता लिंबू मागतंय."

लिंबू पिळलं. पुन्हा चाखलं. मग मिरपूड, मग आणखी जरा लिंबू. सूप पास होईपर्यंत माझा तळ कितीतरी वेळा दिसला. बाहेरून वन्सं ओरडल्या, "अगं, त्याचं ताट वाढ!"

मावशीने माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या चमच्याकडे पाहिलं. "आज ताट नाही, वन्सं. ते कामात आहेत."

त्या दिवसापासून घरात सारखीच मिठाची शंका येऊ लागली. कुस्करलेल्या बटाट्यात मीठ बघा. मऊ भातात बघा. अंड्यात बघा. त्या घासभर ऐवजात आहारतज्ज्ञ बाईंना विचारून लोणी, दुधाची पूड, काय काय दडवलेलं असायचं. दर वेळी मला उकळत्या पाण्याची आंघोळ. संचात मिरवत होते तेव्हाही माझी इतकी बडदास्त नव्हती.

"दह्यातसुद्धा मीठ बघायचं असतं का गं?" मास्तरांनी एकदा विचारलं.

"आमच्या कॅन्टीनमध्ये बघतात."

मास्तरांना सगळं कळत होतं, आणि त्यांना कळतंय हे मावशीला. त्यांचे निकाल मात्र साफ चुकायचे. खारट असलं की अळणी म्हणायचे, गोड असलं की कडू. मावशी "बरं" म्हणायची आणि त्यांच्यापुरतं लिंबू पिळायची. वन्संना फार उशिरा उमगलं. मग त्याही भावापुढे एक अंडं घेऊन उभ्या राहिल्या. "यात मीठ बघ रे जरा." अंड्याचं कवच अजून सोलायचं होतं.

सगळे दिवस असे नव्हते. काही दिवशी पाण्याचा घोटही उलटून पडायचा. त्या दिवशी मावशी कुणाला हाक मारत नसे. मला धुऊन पालथी घालायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उलथायची.

पुढच्या वेळी मास्तरांनी सिस्टरसमोर आपणहून दोन्ही खिसे उलटे करून दाखवले आणि काट्यावर चढले. काटा होता तिथेच थांबला. जिथल्या तिथे राहिल्याबद्दल घरात एवढा आनंद मी कधी पाहिला नव्हता. औषध ठरल्या दिवशी मिळालं. त्यानंतरचंही.

उपचार संपले. तपासणीत गाठ दिसली नाही. "तपासायला येत राहा," डॉक्टर म्हणाले. मावशी घरी येऊन हुंदका देऊन हसली. सवय काही सुटली नाही. बऱ्याच दिवसांनी एकदा तिने सूप माझ्यावर काढलं आणि हाक मारली.

मास्तरांनी चाखलं. "खारट झालंय."

"बरं," मावशी म्हणाली आणि लिंबू शोधू लागली.

"बरं काय बरं? खारट झालंय म्हणतो! दोनदा घातलंस तू."

मावशीने चमचा घेऊन चाखलं आणि मटकन स्टुलावर बसली. "वन्सं! अहो वन्सं, इकडे या! हे म्हणतायत खारट झालंय! आणि झालंय!"

स्वयंपाकाला नाव ठेवलं म्हणून एवढी आनंदलेली बाई दुसरी नसेल.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही, मी स्वतःच मोठी नाही. घरात कुणाची भूक हरवली, तर त्याच्यासमोर डोंगर मांडून बसू नका. बशीभर वाढा, पुन्हा वाढा, आणि घास मोजू नका. जमलं तर त्या माणसाचं मत विचारा. आणि टवका उडालेल्या बशा फेकण्याआधी जरा थांबा.

ते सूप पाणी घालून सगळे प्यायले. पाणी जास्त झालं. मास्तरांनी तेही सांगितलं.