कवळी काढून

नंदाबाईने नवऱ्याच्या तोंडातून कवळी काढली आणि पोलिसांसमोरच त्याचा ओठ वर केला.

"बघा मॅडम, हिरडी कशी सोललीय. सकाळी मीच दारूत कापूस भिजवून कवळीखाली दाबला. ह्यांनी थेंब घेतला न्हाई. चूक माजी हाय."

हवालदार सविताने फुंकायचं यंत्र टेबलावर ठेवलं. मघाशी त्यात एकशे दहा आकडा आला होता. तीसच्या वर गेलं की गुन्हा. कवळीखाली दारू अडकली की यंत्र फसू शकतं, हे तिलाही ठाऊक होतं.

"आबा, चूळ भरा. पंधरा मिनिटं थांबू. नुसती तोंडातली असेल तर तोवर जाईल. मग परत फुंका."

"आत्ता कसं!" नंदाबाई म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात रतनबाई बसली होती. पवनानगरच्या वळणावर अंबाजीच्या जिपेने तिच्या सुनेला उडवलं होतं. सून अजून शुद्धीवर आली नव्हती. नंदाबाई आल्या आल्या रतनबाईच्या पाया पडली होती. अपघात झाला खरा, पण माझा माणूस प्यायलेला नव्हता, असं तिने शपथेवर सांगितलं होतं.

अंबाजीने तीनदा चूळ भरली आणि तो बाकावर बसला. नंदाबाई गप्प बसते कसली! बत्तीस वर्षं जीप चालवली, एकदा पावती फाटली नाही, वरातीत लोक आग्रह करून थकले, सगळं तिने सविताला ऐकवलं. नवरा खाली बघत होता. बिचारा घाबरलाय, असं वाटून तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"झाली पंधरा मिनिटं," सविता म्हणाली. "या, आबा."

अंबाजी उठला नाही.

"नंदे, तू भायेर जा." दातांविना त्याचे शब्द फुसके निघाले.

"का म्हून? मी हितंच थांबते. रतनबाईलाबी आत बोलवा, मॅडम. तिच्या डोळ्यांदेखत व्हऊ द्या."

"नगं. तू जा म्हंतो ना."

"पर का?"

"तू कापूस भिजवलास," तो म्हणाला, "पर बाटलीत लय उरली व्हती."

नंदाबाईचा हात त्याच्या पाठीवरून खाली आला. ती रडली नाही. तिला भयंकर राग आला होता.

"मग मी त्या बाईच्या पाया कुणासाठी पडले?"

सविताने यंत्राला नवी नळी लावली.

"फुंका, आबा."