पाहून आलेली बाई

धाकटीला सगळे धाकटीच म्हणायचे. चाळिशी उलटली तरी नाव काही मोठं झालं नाही. तपासणी केंद्रात ती लोकांचं रक्त काढायची. समोरचा गडी सुई बघून पांढराफटक पडला तरी हिचा हात म्हणून हलायचा नाही. आणि हीच बाई रविवारी सकाळी त्या हॉटेलच्या हॉलच्या दाराशी उभी राहिली, की दोनदा मागे वळायची आणि तिसऱ्यांदा आत शिरायची!

घरं-जागा घेऊन पैसा वाढवू पाहणाऱ्यांची तिथं बैठक भरायची. बैठक सरांची. सर नेमके कशाचे सर, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. 'आधी ओळखी वाढवा, मग शिका, मग गुंतवा,' हे त्यांचं पालुपद. चहाच्या आधी अनोळखी माणसाला जाऊन भेटायचं आणि चर्चेत एक तरी प्रश्न विचारायचा, असा तिथला दंडक होता. जो गप्प बसला, त्याला पुढच्या व्यवहारात कुणी हिंग लावूनही विचारत नसे. धाकटी पहिले काही रविवार भिंतीला पाठ लावून बिस्किटं खात राहिली.

मग जायची तरी कशाला? ताईसाठी. आई लवकर गेली, तेव्हा या थोरल्या बहिणीने लोकांचे कपडे शिवून हिला वाढवलं, शिकवलं. आता ताईचा गुडघा गेला होता आणि शिलाईचं मशीन चादरीखाली झाकून ठेवलं होतं. दोघींचं म्हणावं असं एकच, बाबांनी ठेवलेलं दोन खोल्यांचं घर. त्यावर कर्ज काढून भाडं येईल असं काही घ्यावं, म्हणजे ताईला म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला नको, असं धाकटीच्या मनाने घेतलं होतं.

एका रविवारी सरांनी पडद्यावर एक जुनी इमारत दाखवली. भाडेकरूंनी भरलेली, स्वस्तात मिळणारी, सगळ्यांनी मिळून घ्यायची. धाकटीने आदल्या दिवशी मोबाइलवर कुणा शहाण्याचा सल्ला ऐकला होता, की प्रश्न असा विचारा, जणू तुम्ही स्वतः जाऊन आला आहात. तिने डोळे मिटल्यासारखे केले आणि म्हणाली, "त्या जिन्याखालच्या ओलीचं काय करायचं?"

तिने ना जिना पाहिला होता, ना ओल. जुनी इमारत म्हटली की कुठेतरी ओल असणारच, एवढाच तिचा हिशेब. पण सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. सर म्हणाले, "वा! याला म्हणतात अभ्यास. ती ओल दाखवून आपण भाव पाडून घेऊ."

झालं! त्या दिवसापासून धाकटीची मॅडम झाली. विमावाले काका स्वतःच्या हाताने तिला चहा आणून देऊ लागले. फरशीचं काम घेणारा एक आडदांड माणूस होता, तो येताजाता 'मॅडम, तुम्ही आहात म्हणून मी आहे हं' म्हणू लागला. कुणी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की उतरावंसं वाटत नाही, तशातली गत. मी पाहिलेली नाही, हे सांगायचं तिच्या अगदी जिभेवर यायचं आणि चहाबरोबर पोटात जायचं.

ताईनेही विश्वासाने सही केली आणि घरावर कर्ज निघालं. ते सगळं बयाण्यात भरून झालं. सोमवारी सह्या होत्या. आता मागे हटलं तर बयाणा बुडाला, आणि बयाणा बुडाला की कर्जापायी घर गेलं.

शनिवारी सकाळी धाकटीला धडकीच भरली. आपण नाही पाहिली, पण पाहिलेलं कुणीतरी असेलच की, त्याच्याकडून ऐकलं म्हणजे जीव थाऱ्यावर येईल, म्हणून तिने विमावाल्या काकांना फोन लावला.

"इमारत ना? फरशीवाल्याने पाहिली असेल. बांधकामातला माणूस तो," काका म्हणाले.

फरशीवाला म्हणाला, "मला कुठला वेळ, मॅडम? सरांनी पाहिल्याशिवाय दाखवली असेल होय?"

आणि सर हसले. "अहो मॅडम, मी फक्त माणसं जोडतो. मला तर ओल आहे हेसुद्धा तुमच्याकडून कळलं. तुम्ही पाहून आलात, म्हणून तर एवढे लोक उतरले!"

एवढ्या लोकांचे पैसे, आणि सगळे तिच्या एका थापेवर! ताईला काही न सांगता तिने रिक्षा पकडली.

इमारत लांबून बरी दिसत होती. आत पाऊल टाकलं आणि ती होती तिथंच थांबली. छताला ठिकठिकाणी लाकडी टेकू लावले होते. खांबाचा गिलावा सुटून आतली सळई गंजून फुगली होती आणि भिंतीला हात लावला तर ओली माती हातात आली. वरून कुणीतरी ओरडलं, "थांबा, मी उतरतेय! दोघींनी एकदम जिन्यावर नको!"

एक बाई कडेवर मूल घेऊन, भिंतीला धरत, एकेक पायरी चाचपत खाली आली. धाकटीला न्याहाळून म्हणाली, "नवीन मालकांकडून आलात का? बरं झालं बाई! आमच्या स्वयंपाकघराचं छत पडलं परवा. पोरं झोपतात तिथं आता आडोसा म्हणून पलंग उभा करून ठेवलाय. दुसरीकडे जायला परवडत नाही हो. तुम्ही दुरुस्त करणार ना?"

धाकटी 'बघते' असं काहीसं पुटपुटली आणि रस्त्यावर आली. ही इमारत सोमवारी आपली होणार आणि या बाईची पोरंही आपल्याच माथी, हे तिला आत्ता कुठे कळलं. इतकी भीती तिला आई गेली तेव्हाही वाटली नव्हती.

तिने तिथूनच सरांना फोन केला. म्हणाली, मला नको हे. सर जराही चिडले नाहीत.

"मग विका ना तुमचा हिस्सा. तुमचा म्हटल्यावर कुणीही डोळे मिटून घेईल. एक शिक्षिका आहेत, नवीनच आल्यात बैठकीला. संध्याकाळी फोन करतील तुम्हाला. पूर्ण रक्कम देतील, तुमचं घर सुटेल. फक्त जास्त बोलू नका."

घर सुटेल! संध्याकाळपर्यंत धाकटी हे दोनच शब्द घोकत बसली होती. ताई पलीकडे गुडघ्याला तेल चोळत होती. फोन वाजला तेव्हा धाकटी दचकून उभीच राहिली.

"मॅडम, मी पहिल्यांदाच एवढी मोठी उडी मारतेय," पलीकडची बाई म्हणाली. आवाज कापत होता, अगदी हिच्यासारखाच. "तुम्ही स्वतः पाहून आलात ना? तेवढं सांगा, म्हणजे माझी भीती जाईल."

हो म्हटलं की घर सुटत होतं. एक अक्षर, बस्स. धाकटीने ताईकडे पाहिलं आणि तिच्याच्याने होईना.

"मी तेव्हा पाहिली नव्हती. थाप मारली होती," ती भडाभडा बोलली. "आज पाहिली. ती पडायला आलीय हो! घेऊ नका. मी विकत नाही तुम्हाला."

पलीकडची बाई चक्क हसली. "सर म्हणालेच होते, ऐन वेळी मॅडमना हिस्सा सोडवणार नाही, काहीतरी घाबरवतील. चांगलं असल्याशिवाय का कुणी धरून ठेवतं? मी दुसऱ्या कुणाचा घेते."

फोन बंद झाला. धाकटीने मोबाइलवर बैठकीच्या गटावर लिहिलं, 'इमारत धोकादायक आहे. मी खोटं बोलले होते. सह्या करू नका.' पण त्या बाईंनी लगेच कळवलं असावं, कारण तिच्या आधीच सरांचा निरोप येऊन पडला होता, 'मॅडमनी पूर्ण रक्कम मिळत असूनही हिस्सा विकायला नकार दिला.' त्याखाली नुसती रांग लागली, माझाही हिस्सा वाढवून द्या, माझाही. आणि विमावाल्या काकांनी हसरे चेहरे टाकून लिहिलं, 'काय मॅडम, आम्हाला पळवून लावून सगळी इमारत एकट्या घेणार का?'

ताईने फोन धाकटीच्या हातातून घेतला, चष्मा लावून सगळं वाचलं. मग धाकटीने रडत रडत ओल, बयाणा, टेकू, कडेवरचं मूल, सगळं सांगून टाकलं.

ताईने चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे आपलं घर गेलं?"

"बहुतेक गेलं गं, ताई."

ताईचा हात तिच्या पाठीवर आला. "मला भीती वाटतेय धाकटे. या वयात कुठं जायचं आपण?"

"मलाही वाटतेय."

"लिहून काही ते ऐकायचे नाहीत," ताई भिंतीला धरून उठत म्हणाली. "उद्याचा दिवस आहे अजून. एकेकाला हाताला धरून तिथं नेऊन उभं करू. आधी त्या मास्तरीणबाईंकडे चल."

"तुझा गुडघा..."

"रिक्षा बोलाव," ताई म्हणाली, आणि चपला शोधू लागली.