डेपोत परत

आमचे हे तीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं आखतायत. त्यामुळे आमच्या पहिल्यावहिल्या फ्रान्सच्या सहलीचा, चार दिवसांचा तक्ता तेच करणार हे ओघानंच आलं. रविवारी चहा पिताना त्यांनी मोठ्या ऐटीत कागद माझ्यापुढे सरकवला. पेन्सिलीनं, पट्टी धरून आखलेला.

नऊला टॉवर, साडेदहाला हॉटेलात परत. अकराला संग्रहालय, एकला हॉटेलात परत. नदीकाठी जरा फिरलो, की पुन्हा हॉटेल!

"हे घडीघडी परत कशाला यायचं?" मी विचारलं.

"म्हणजे काय? सुटलेली गाडी डेपोत परत यायला नको?"

माझं डोकंच फिरलं. "अहो, मी तुमची बायको आहे, बस नाही!"

हे ओशाळले. खोडरबर घेऊन त्यांनी 'परत' लिहिलेली एकूण एक ओळ खसाखसा खोडली, कागदावर फुंकर मारली आणि म्हणाले, "आता बघ."

मी बघितलं. झपाट्यात चौथ्या दिवसाची 'विमानानं घरी परत' ही ओळसुद्धा खोडली गेली होती.

"आता कसं झकास झालं," मी म्हणाले, आणि कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली.