डावा स्पीकर

कान दुखायला लागला तेव्हा संघमित्रानं बरेच दिवस कुणाला सांगितलंच नाही. कानाला दडे बसल्यासारखं वाटतंय, सर्दीचं असेल, असं म्हणून ती डावीकडचा इअरफोन काढून ठेवायची आणि एकट्या उजव्या कानानं अभ्यास ऐकत राहायची.

अभ्यास ती ऐकतच असे. वाचणं तिच्या हातून सुटत चाललं होतं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. आधी अंधारात दिसेनासं झालं, मग बाजूचं दिसेनासं झालं, आणि आता समोर वाटीएवढा एक गोल उरला होता. त्या गोलातही पुस्तकातली अक्षरं विरघळायची. लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर तिला स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवायचं, तेही इतक्या भरभर की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळू नये. वकिलीचं शेवटचं वर्ष होतं आणि परीक्षा तोंडावर आली होती. वाशिमला घरी तिनं चष्म्याचा नंबर वाढलाय, एवढंच कळवलं होतं.

मुलुंडच्या त्या लेडीज होस्टेलमध्ये तिची खोली म्हणजे दोन पलंग, त्यांच्यामध्ये एक टेबल आणि शेजारच्या खोलीशी सामाईक असलेली प्लायवूडची भिंत. दुसरा पलंग नीलमचा. नीलम कणकवलीची, सीएचा अभ्यास करायची. दोघींनाही शांतता लागायची आणि इअरफोनमुळे ती मिळायची, म्हणून दोघींचं छान जमलं होतं.

एके सकाळी उशीवर पू दिसला. तो दिसला नीलमला. तिनंच संघमित्राला रिक्षात घालून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थेंब दिले, आणि कान बरा होईपर्यंत दोन्ही कानांत काही घालायचं नाही असं बजावलं. परीक्षेपुरतं एका कानात चालेल का, असं संघमित्रानं विचारून पाहिलं. दुसराही चिघळला तर काय करशील, असं त्यांनी उलट विचारलं. डोळ्यांचं तिनं त्यांना काही सांगितलं नाही.

लॅपटॉपचा स्वतःचा आवाज इतका बारीक होता की डोक्यावरच्या पंख्याच्या घरघरीत बुडून जायचा. पंखा बंद केला की नीलम घामानं हैराण व्हायची. म्हणून होस्टेलमधल्या एका मुलीकडून बॅटरीवरचा, वायर नसलेला छोटा स्पीकर मागून आणला. त्याला एक खोड होती. आवाज थोडा वेळ थांबला की तो झोपी जायचा आणि पुन्हा जागा होताना वाक्याचं पहिलं अक्षर गिळायचा. संघमित्राला हे कळलं नाही. पुरावा कायद्याच्या नोट्समध्ये जिथे जिथे ओळ ‘अग्राह्य’ या शब्दानं सुरू होत होती, तिथे तिथे तिला ‘ग्राह्य’ ऐकू आलं. संध्याकाळी ती नीलमला म्हणून दाखवायला बसली आणि नीलमनं पुस्तकात बोट ठेवून तिला थांबवलं. कोर्टात चालणार नाही असा सगळा पुरावा तिनं चालतो म्हणून पाठ केला होता. तो स्पीकर उचलून तिनं नीलमच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मग ऑनलाइन मागवलेली स्पीकरची एक जोडी आली. ती टेबलावर मावत होती, पण तिचा आवाज पोटातून यायचा. टेबल थरथरायचं, त्यावरचा स्टीलचा पेला वाजायचा, आणि पलीकडच्या मुली प्लायवूडवर थापा मारायच्या. वॉर्डन कुंदाताई वर आल्या. त्यांना वाईट वाटत होतं, पण पुन्हा तक्रार आली तर खोली बदलावी लागेल, असं त्या सांगून गेल्या. खोली बदलणार म्हणजे नीलम जाणार, हे दोघींनाही समजलं. नीलमची आई तर रोज फोनवर तेच म्हणत होती, की तू दुसरी खोली बघ, तुझा पण अभ्यास आहे.

ती जोडी परत गेली. आता हाताशी असलेले दिवस जात होते आणि अर्धे विषय तसेच पडले होते. रविवारी नीलम म्हणाली, घाटकोपरला जाऊ, दुकानात बसून, कानांनी ऐकूनच घेऊ.

स्टेशनजवळच्या दुकानात सेल्समननं आधी गाणं लावलं. काउंटर हादरला. संघमित्रानं पिशवीतून लॅपटॉप काढला आणि हे वाचताना ऐकायचंय असं सांगितलं. भरभर वाचणारा तो आवाज ऐकून सेल्समनला वाटलं लॅपटॉपच बिघडलाय. नीलमनं त्याला समजावलं, की गाण्याशी आम्हाला काही देणंघेणं नाही. आवाज कमी ठेवूनही शब्द स्वच्छ ऐकू यायला हवा, वायर हवी, वेगळा प्लग नको, आणि आवाजाचं बटण पुढे हवं म्हणजे हिला बोटानं सापडेल. त्यानं मुठीएवढ्या स्पीकरची एक जोडी काढली. नीलमला ती एकदम आवडली. ‘स’ आणि ‘श’ वेगवेगळे ऐकू येत होते.

"डावा बंद आहे," संघमित्रा म्हणाली.

सेल्समननं वायर तपासली आणि दुसरी जोडी उघडली. तिचाही डावा बंद होता. त्या दुकानातून त्या पुढच्या दुकानात गेल्या, तिथेही तेच झालं. नीलमला दोन्ही बाजूंनी सारखाच आवाज येत होता. सुरुवातीला तिला वाटलं, ही आता फारच चिकित्सा करतेय. तिच्या डोक्यात स्वतःचं न झालेलं ऑडिटिंग फिरत होतं. ती थोडी तोडूनच म्हणाली, की अगं, वाजतोय तो.

"आवाज सगळा उजवीकडूनच येतोय," संघमित्रा म्हणाली. "मी काय मुद्दाम करतेय?"

या दुसऱ्या दुकानातला सेल्समन वैतागला होता. त्यानं लॅपटॉपमधून उजव्या स्पीकरचा आवाज पूर्ण बंद केला, म्हणजे फक्त डावाच वाजेल. मग त्यानं विचारलं, आता? संघमित्राला त्याचे हात दिसले नव्हते. तिनं मान थोडी वळवली, लक्ष देऊन ऐकलं आणि उजव्या स्पीकरकडे बोट दाखवलं. आता फक्त हाच वाजतोय, थोडा कमी झालाय, डावा अजून बंदच आहे, असं ती म्हणाली.

सेल्समननं नीलमकडे पाहिलं. नीलमनं हळूच लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला आणि नंतर येतो असं सांगून संघमित्राला बाहेर आणलं.

मेट्रोच्या जिन्याखाली थोडी सावली होती, तिथे दोघी थांबल्या. नीलम तिच्या डावीकडे उभी होती. तिनं हळू आवाजात संघमित्राला हाक मारली. ती समोर बघत राहिली. नीलमनं पुन्हा हाक मारली. मग ती वळसा घालून तिच्या समोर आली.

"मित्रा, स्पीकर चांगले आहेत गं," ती म्हणाली. "सगळे चांगले होते."

संघमित्राला कळायला वेळ लागला नाही. तिनं उजव्या कानावर तळहात दाबून धरला. समोरून बस जात होती, रिक्षावाले ओरडत होते, आणि ते सगळं एकदम दूर गेलं. तिनं हात काढला, पुन्हा ठेवला. मग ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसली. माणसं तिला वळसा घालून जात राहिली.

"डोळ्यांचं मी ठरवलं होतं काय करायचं," ती म्हणाली. "कानांचं नाही ठरवलं."

नीलम तिच्या उजवीकडे जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ऐकण्याची तपासणी करायला लावली. डाव्या कानाच्या पडद्याला भोक पडलं होतं. ते भरेल, थोडं ऐकू येईल, पूर्ण येईलच असं नाही, असं ते म्हणाले. तेव्हा संघमित्रानं पहिल्यांदा त्यांना डोळ्यांचं सांगितलं. डॉक्टर लिहायचे थांबले. त्यांनी उजव्या कानाचा आलेख पुन्हा पाहिला. त्यात बारीक, उंच आवाज थोडे कमी येत होते, आणि त्याचा या जखमेशी संबंध नव्हता. डोळे आणि कान एकाच आजारात जातात असंही होतं, ते सांगत होते, त्यासाठी रक्ताची तपासणी करावी लागेल. किती लवकर जातात, असं तिनं विचारलं. ते कुणीच सांगू शकत नाही, असं ते म्हणाले.

त्या संध्याकाळी नीलम एकटीच घाटकोपरला जाऊन ती मुठीएवढी जोडी घेऊन आली. दोन्ही स्पीकर तिनं टेबलाच्या एकाच टोकाला ठेवले. संघमित्रानं उशी पायथ्याकडे नेली, म्हणजे पडल्यावर उजवा कान टेबलाकडे येईल. नीलम वह्या घेऊन खाली मेसमध्ये बसायला लागली. जेवणाच्या वेळी तिला तिथून उठावं लागायचं, पण तिनं खोली बदलली नाही. आईला काय सांगितलं, ते ती बोलली नाही.

बाबांना फोन संघमित्रानंच केला. जयभीम झाल्यावर तिनं एका दमात सगळं सांगितलं. पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन कट झाला की आपल्यालाच ऐकू येत नाही, हे तिला कळेना. ती घाबरून हॅलो हॅलो करत राहिली. शेवटी बाबांचा आवाज आला. ते एवढंच म्हणाले, की मी निघतोय.

आल्यावर ते होस्टेलच्या खालच्या खोलीत तिच्या उजवीकडे बसले. नीलमनं त्यांना तसं सांगून ठेवलं होतं. ते घरी चल म्हणाले. ती म्हणाली, पेपर झाल्यावर.

"त्यानं जास्त बिघडलं तर?"

"नाही दिला तर सुधारणार आहे का?"

बाबा घाटकोपरला चुलतभावाकडे राहिले आणि प्रत्येक पेपरला तिला सोडायला गेले. लेखनिक मुलगी डावीकडे बसली तर संघमित्रा तिला उठवून उजवीकडे बसवायची. पेपर दिले सगळे. पुराव्याच्या पेपरात तिचं काही उलटं झालं नाही.

रक्ताचा रिपोर्ट निकालाच्या आधी आला. डॉक्टरांना वाटलं होतं तेच निघालं.

घरी जाण्याऐवजी तिनं ब्रेल शिकवणाऱ्या एका संस्थेत नाव घातलं. बाबांनी विरोध केला नाही. पहिल्या दिवशी बाईंनी तिचं बोट धरून कागदावरून फिरवलं आणि काय लागतंय असं विचारलं. संघमित्रानं डोळे मिटले, श्वास रोखला, बोट पुन्हा पुन्हा मागेपुढे नेलं. अक्षर एकही कळलं नाही. नुसता खडबडीत कागद लागत होता.

"पुन्हा," ती म्हणाली, आणि बोट ओळीच्या सुरुवातीला नेलं.